बंद पानांचं दुकान

पुस्तकाच्या दुकानात दोन गोष्टी न बोलावता शिरतात, वाळवी आणि किस्से. वाळवीवर निदान रॉकेलचा बोळा फिरवता येतो. किश्शांचं काय करणार? एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दुसरा डोकं काढतो. आता तुम्ही विषय काढलाच आहे तर नीट मांडी घालून बसा, आणि मधे मधे "मग काय झालं" म्हणून टोकू नका. मला सांगायची सवय आहे, टोकून घ्यायची नाही.

आमचं दुकान शहापूरच्या पेठेत. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. पडद्यापुढं आमचे हे बसायचे आणि पडद्यामागं मी. पाट्या, पेन्सिली, शाई, पंचांगं यांवर आमची चूल पेटायची, पण ह्यांचा जीव सगळा पुस्तकांत. लढाईचे दिवस होते. साखर मिळायची नाही, रॉकेलला रांग, आणि बेचाळीसपासून आमच्या डोंगरपट्ट्यात पोलिसांचा नुसता सुळसुळाट. कुणाच्या घरात नको तो कागद सापडला की माणूस आत. त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे तिरक्या डोळ्यानं बघायचा. मीही बघायची. खोटं कशाला बोलू?

*

महिन्यातून एकदा मुंबईहून पुस्तकांचं पार्सल आसनगावच्या स्टेशनावर उतरायचं, तिथून टांग्यानं आमच्याकडे यायचं. टांगा गणपाचा. आमच्या ह्यांना कायम संशय, की गणपा वाटेत पार्सल सोडून बघतो. म्हणून मुंबईच्या प्रकाशकाला ह्यांनी कळवून ठेवलं होतं, सुतळीची गाठ डाव्या बाजूलाच मारत जा.

एकदा पार्सल आलं ते गाठ उजवीकडे. झालं! ह्यांनी गणपाला ओट्यावर उभा केला आणि उलटतपासणी सुरू.

गणपा शांतपणे म्हणाला, "काका, पार्सल उलटं ठेवलंय तुमी. पलीकडून बघा."

ह्यांनी पार्सल फिरवलं. गाठ डावीकडे. तरी हे मागं हटतात का! म्हणाले, "पण तू वाचतोस काय रे?"

"मला वाचाया नाय येत, काका. पण एवढं वजन वाहतंय ना ते माझं घोडं, त्याला इचारा. तेच एखादवेळी वाचत असंल."

*

पार्सल आल्यानंतरच्या रविवारी ओट्यावर मंडळी जमायची. मी गुळाचा चहा करायची. आणि मग ह्यांचा तो अजब नियम. ओट्यावरच्या मंडळींसाठी थोडी पुस्तकं बाजूला काढलेली असत, महिन्याच्या बोलीनं वाचून परत करायची. पण कुणी कुठलं न्यायचं ते हे ठरवणार. माणसाच्या तोंडाकडे घटकाभर बघायचे आणि पुस्तक हातात द्यायचे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "औषध रोगी निवडतो का?"

धसईचे पाटीलबाबा बैलगाडी जुंपून यायचे. भात घालायला बाजारात यायचंच असायचं, त्यात हेही काम. त्यांना अक्षर येत नव्हतं. पुस्तक न्यायचे, घरी सून वाचायची आणि सगळं घर ऐकायचं. सून मुरबाडची, चार यत्ता शिकलेली.

एका रविवारी पाटीलबाबा सगळ्यांच्या आधी आले. तोंड उतरलेलं. ह्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "येक इचारायचं व्हतं. ह्या समद्या गोष्टींत सासू तिसऱ्या परकरणातच कशी मरते वो?"

हे म्हणाले, "म्हणजे?"

"म्हंजे पाण्यात बुडते, साप चावतो, गेल्या महिन्यात तर दरीत गेली. माझी म्हातारी जेवायची बंद झालीय. सुनंच्या हातचं पाणी बी घेत नाय."

ह्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. त्यातली सासू शेवटच्या पानापर्यंत ठणठणीत. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला काडी टाकायची? त्या महिन्यात त्यांनी पाटीलबाबांना शेणखतावरचं पुस्तक दिलं. त्यात सासू नाही, सून नाही, नुसता उकिरडा.

पुढच्या महिन्याच्या रविवारी पाटीलबाबा आले, पुस्तक ठेवलं आणि चहाचा कप हातात घेत म्हणाले, "त्यात बी मेली."

*

आता मास्तरांचं ऐका. मास्तर शाळेतले. पुस्तक हौसेनं न्यायचे, पण मधेच झोपायचे. आणि रविवारी पुस्तक परत दिलं की हे ते नुसतं हातात घेऊन म्हणायचे, "मास्तर, नायिका नदीवर गेली तिथंच सोडलंत ना? ती बुडाली की परत आली, एवढं तरी बघायचं."

मास्तरांचा चेहरा पांढरा. ह्यांना कळतं कसं? आधी त्यांनी स्वतःच्या बायकोवर संशय घेतला. मग माझ्याकडे पडद्याशी येऊन हळूच, "वहिनी, तुम्ही आणि आमची ही पाणवठ्यावर काय बोलता?" मी म्हटलं, लोणच्याचं. त्यांना ते पटलं नाही. मग ते घरी वाचायचंच सोडून सापगावच्या नदीकाठी, आंब्याखाली जाऊन एकटे वाचायला लागले. तरी पुढच्या महिन्यात हे म्हणाले, "मास्तर, यावेळी लग्नाच्या मांडवातच झोप लागली का?"

त्या दिवसापासून मास्तरांनी गावातल्या न्हाव्याशी बोलणं टाकलं. का, ते न्हाव्याला मरेपर्यंत कळलं नाही.

खरी गोष्ट साधी होती. त्या काळी पुष्कळशी पुस्तकं पानं न कापताच यायची. छापलेला मोठा कागद घड्या घालून तसाच शिवलेला, त्यामुळे पानं कडेला एकमेकांना जोडलेली. वाचणाऱ्यानं सुरीनं एकेक घडी कापत पुढं जायचं. कुणी चाकू घ्यायचा, पाटलांची सून विळीवर कापायची. म्हणजे वाचणारा जिथं थांबला तिथपासून पुढची पानं बंदच. गोष्ट ह्यांना घड्यांत डोकावून आधीच ठाऊक असायची, त्यामुळे हे नुसता अंगठा कडेवरून फिरवायचे आणि सांगायचे. ह्यांच्याकडे त्यासाठी स्वतः तासलेली एक सागवानी सुरी होती, लाकडाची, पातळ, तुळतुळीत. ती कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. मलासुद्धा नाही. वांगी काय, लिंबूसुद्धा कापलं नाही कधी तिनं.

आणि ह्या बंद पानांवरच आमचं दुकान उभं होतं. विक्रीची पुस्तकं विकली गेली नाहीत तर मुंबईचा प्रकाशक परत घ्यायचा, पण अट एकच, पानं बंद पाहिजेत. पान कापलं की पुस्तक आमच्या गळ्यात.

*

ओट्यावरचं मानाचं पान म्हणजे बापूसाहेब. जंगलखात्यातून पेन्शनीत निघालेले, कोट, काठी, चष्मा. त्यांच्यासाठी मी पाट टाकायची, बाकीचे सतरंजीवर. दर महिन्याला एक पुस्तक न्यायचे आणि परत देताना मान मागं टाकून अभिप्राय द्यायचे, "भाषा ओघवती आहे, पण शेवट पटला नाही."

दर महिन्याला हेच. कादंबरी असो, चरित्र असो. एकदा ह्यांनी मुद्दाम पाकशास्त्राचं पुस्तक दिलं. बापूसाहेबांनी ते परत आणलं, मान मागं टाकली आणि म्हणाले, "भाषा ओघवती आहे, पण शेवट पटला नाही." शेवटी अनारसे होते.

पुस्तक जसं जाई तसं परत येई. एकही घडी कापलेली नसे. मी एकदा ह्यांना म्हटलं, "त्यांना कधी टोकत नाही तुम्ही. मास्तरांना बरे टोकता."

हे म्हणाले, "मोठा माणूस आहे, चारचौघांत कशाला? आणि त्यांनी आणलेलं पुस्तक मुंबईला परत धाडता येतं. असं गिऱ्हाईक जपावं."

*

मग आला हरीभाऊ. वैशाखऱ्याकडचा, हिरड्याचा व्यापार करतो म्हणाला. आता मला सांगा, वैशाखऱ्याचा माणूस मुरबाड सोडून पुस्तक न्यायला शहापूरला कशाला येईल? पायात जाड चामड्याच्या वहाणा. बोलायचा कमी, ऐकायचा फार. आणि पुस्तक परत आणलं तर पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत कापलेलं, तेही सुतासारखं सरळ. इतकं कोण वाचतं? मी तर त्याच दिवशी ठरवून टाकलं, हा गुप्त पोलीस.

मी मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी पाटीलबाबांना. पाटीलबाबा म्हणाले, "त्याच्या वहाणा बघा की. सरकारी हायती."

तेव्हापासून हरीभाऊ ओट्यावर चढला की सगळे पावसाबद्दल बोलायला लागायचे. भर उन्हाळ्यातसुद्धा. मास्तर म्हणायचे, "यंदा मृग कसा जाईल?" पाटीलबाबा म्हणायचे, "देवाला ठावं." पुन्हा मास्तर, "आणि आर्द्रा?" अशी सगळी नक्षत्रं संपेपर्यंत.

मी त्याला चहा द्यायची, पण कान तुटलेल्या कपात. काही तरी निषेध नको?

चार-पाच महिने असं चाललं. शेवटी एका रविवारी हरीभाऊनं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "येक इचारू? तुमी मंडळी मला बघून गप का होता?"

तेव्हा हे सरळ म्हणाले, "लोक म्हणतात तुम्ही पोलीस आहात."

हरीभाऊ म्हणाला, "आन् मला वाटत व्हतं तुमीच पोलीस. कुणी काय वाचलं, किती वाचलं, हे दर महिन्याला दुसरं कोण इचारतंय?"

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, मंगळवारी सकाळी, फौजदार शिपायांना घेऊन दुकानात शिरला. मी भाकरी थापत होते ती तशीच परातीत राहिली.

फौजदार म्हणाला, "महिनोन् महिने लोकांना पानं चिकटवलेली पुस्तकं देता, अशी पक्की खबर आहे. चिकटवून आत काय दडवलंय?"

हे म्हणाले, "साहेब, चिकटवलेली नाहीत. ती कापायची राहिलेली असतात."

"सगळ्याच पुस्तकांत?"

"हो."

"छापखानेवाले सगळ्याच पुस्तकांत विसरतात?"

आता ह्याला काय सांगावं! ह्यांनी एक पुस्तक घेऊन, घडी कापून दाखवली. आत काही नव्हतं. फौजदार म्हणाला, "हे तुम्ही निवडलेलं." आणि त्यानं सगळी पुस्तकं हातगाडीवर घालून चौकीत नेली. हे गाडीमागून चालत गेले. पेठेतले लोक दारात उभे राहून बघत होते आणि एकही पुढं आला नाही. बापूसाहेब तेवढे गावात नव्हते, आदल्याच दिवशी लेकीकडे नाशकाला गेले होते. मला वाटलं, ते असते तर फौजदाराला दोन शब्द सुनावले असते.

चौकीत शिपाई पानं कापायला बसले. कुणाकडे विळा, कुणी न्हाव्याचा वस्तरा आणलेला, एकानं तर संगीन लावली. पानं टराटरा फाटायला लागली तेव्हा ह्यांना बघवेना. ह्यांनी खिशातून आपली सागवानी सुरी काढली आणि म्हणाले, "असं नाही. घडीत सपाट धरा, आणि हळू ओढा." स्वतःचं दुकान कसं मारायचं हे त्या माणसानं दिवसभर बसून पोलिसांना शिकवलं. मी जेवण घेऊन गेले तेव्हा हे भिंतीशी बसले होते आणि डोळ्यांत पाणी होतं. माझाही जीव तुटला. पण तेवढ्यात एक शिपाई काय म्हणाला ते ऐका.

"साहेब, ह्या बाईचा खून कोणी केला ते फुडच्या घडीत असंल. कापू का?"

फौजदार म्हणाला, "काप. आणि मोठ्यानं वाच."

*

सापडणार काय? कपाळ! पुस्तकं परत मिळाली, पण एकूण एक कापलेली. मुंबईच्या प्रकाशकानं कळवलं, कापलेला माल परत घेणार नाही, हिशेब मिटवल्याशिवाय नवं पार्सलही नाही. म्हणजे दुकान बुडालं. माझा भाऊ कल्याणहून आला आणि ह्यांना म्हणाला, "दाजी, आता ही जागा तेलाला द्या. तेल नासत नाही आणि पोलीसही कापत नाहीत." ह्यांनी मान खाली घातली. त्यांनी नाही म्हटलं नाही, याचीच मला धास्ती वाटली.

आणि चुगली केली कुणी? गावात दुसरा विषय नव्हता. मास्तर म्हणाले, न्हावी. पाटीलबाबांना सुनेचा भाऊ वाटत होता, तो मुरबाडला कचेरीत होता ना. मी म्हटलं हरीभाऊ, दुसरं कोण? त्याला पुन्हा उंबऱ्यात पाय ठेवू देणार नाही.

हे संध्याकाळी हातपाय धूत होते. मधेच थांबून मला म्हणाले, "तो फौजदार 'चिकटवलेली' म्हणाला, नाही का?"

मी म्हटलं, "हो. मग?"

"काही नाही. टॉवेल दे."

*

आता गंमत बघा माणसाच्या स्वभावाची. पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानापुढं ही गर्दी. कधी पंचांगाशिवाय काही न घेतलेले लोक पुस्तकं मागायला लागले. पोलिसांनी दिवसभर शोधलं म्हणजे आत काहीतरी असणारच, आणि त्या गाढवांना सापडलं नसणार! जो तो आपापल्या संशयानं पुस्तक घेऊन जात होता. एका आजोबांनी तर ज्योतिषाचं पुस्तक दिव्यावर धरून पाहिलं.

पाटीलबाबांनी गाडीत एकदम सहा पुस्तकं टाकली. म्हणाले, "सुनंला कापायचा तरास नाय. सरकारनं कापून दिलीत."

संध्याकाळी एक शिपाई साध्या कपड्यांत आला. इकडे तिकडे बघत म्हणाला, "ते खुनाचं हाय का अजून? साहेबांनी मागितलंय. चौकशीसाठी नाय, असंच."

ते विकलं गेलं होतं. हरीभाऊनं नेलं होतं.

फडताळं रिकामी झाली, मुंबईचा हिशेब मिटला. माझा भाऊ तेलाचे डबे न ठेवताच कल्याणला परत गेला. मी देवापुढं साखर ठेवली. साखर म्हणजे गूळच.

*

आणि मग तो रविवार.

नवं पार्सल आलं होतं. मंडळी जमली. पाटीलबाबा, मास्तर, आणि हरीभाऊसुद्धा. मी त्याला उंबऱ्यात अडवणार होते, पण ह्यांनी मला डोळ्यांनीच थांबवलं आणि म्हणाले, "त्यांना चांगल्या कपात चहा दे." मी धुसफुसत दिला.

सगळ्यांत शेवटी बापूसाहेब आले. त्याच दिवशी सकाळी नाशकाहून परतले होते. पाटावर बसले, काठी भिंतीला टेकवली. म्हणाले, "ऐकलं मी, तुमच्याकडे झडती झाली म्हणे. वाईट झालं. माणसानं काळ बघून वागावं." मग त्यांनी पिशवीतून गेल्या महिन्यातलं पुस्तक काढलं, ह्यांच्या हातात दिलं आणि मान मागं टाकली.

"भाषा ओघवती आहे, पण शेवट पटला नाही."

ह्यांनी पुस्तक घेतलं. कडेवरून अंगठा फिरवला. पहिल्या घडीपासून शेवटच्या घडीपर्यंत बंद. आमच्या दुकानातली सगळी जुनी पुस्तकं पोलिसांनी कापली होती. बंद राहिलेलं त्यातलं हे एकटंच.

पुस्तक त्यांनी मास्तरांकडे दिलं. मास्तरांनी उघडून बघितलं आणि पाटीलबाबांकडे दिलं. पाटीलबाबांना अक्षर येत नव्हतं, पण घडी कळत होती. त्यांनी ते हरीभाऊकडे दिलं. हरीभाऊनं बोट घालून एक पान उचलायला बघितलं, ते उचललं नाही, आणि त्यानं पडद्याकडे, म्हणजे माझ्याकडे बघितलं. पानं सुतासारखी कापणारा माणूस त्यांना 'चिकटवलेली' कशाला म्हणेल? मला त्याच्या कान तुटलेल्या कपाची लाज वाटली.

मग नव्या पुस्तकांचं वाटप झालं. मास्तरांना एक, हरीभाऊला एक, पाटीलबाबांना एक. बापूसाहेबांनी हात पुढं केला.

हे त्यांच्या तोंडाकडे घटकाभर बघत राहिले, नेहमी बघायचे तसेच. मग म्हणाले, "बापूसाहेब, या महिन्यात तुम्हाला पुस्तक नाही. तुम्ही हे न्या." आणि त्यांनी आपली ती सागवानी सुरी, जिला मलासुद्धा हात लावू दिला नव्हता, ती त्यांच्या तळहातावर ठेवली.

बापूसाहेबांनी ती चष्म्यापाशी नेली. उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, टोकाला बोट लावलं.

"लाकडाची दिसते," ते म्हणाले. "पण ही कशासाठी असते?"

पाटीलबाबांनी पाय जवळ घेतले आणि बापूसाहेबांना खाली उतरायला वाट करून दिली.